वजनावर वाटलेली डिक्शनरी

आमच्या घरातलं इंग्रजी 'आय' या अक्षरापासून सुरू व्हायचं आणि 'पी'च्या मध्यावर संपायचं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं इंग्रजी शेजाऱ्यांकडे होतं. हे विनोदानं म्हणत नाही. एका जाड डिक्शनरीचा तिसरा भाग, निळ्या चौकड्यांच्या शर्टिंगमध्ये बांधलेला, अगदी परवापर्यंत साताऱ्याच्या माझ्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर होता. नोकरी, लग्न, भाड्याची घरं आणि शेवटी स्वतःचं घर, एवढ्या सगळ्यातून तो माझ्याबरोबर आला. मी हिशेबाच्या कामातला माणूस. वस्तू अर्धी असेल तर ती अर्धी म्हणूनच लिहायची, ही माझी सवय. पण या भागाला घरात सगळे 'डिक्शनरी'च म्हणत आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही.

तो खाली काढला दत्तूमामांमुळे.

माधवनगरच्या मिल कॉलनीत आमची पाच खोल्यांची एक ओळ होती. पहिली खोली दत्तूमामांची, दुसरी पुजाऱ्यांची, तिसरी आमची, चौथी कांबळ्यांची आणि शेवटची बाबूचाचांची. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. ओळीतल्या सगळ्या बायका त्यांना भाऊ म्हणत, म्हणून ते आम्हा सगळ्या पोरांचे मामा. मिल बंद होऊन जमाना झाला. बाकीच्या चारही खोल्यांतली माणसं पांगली. मामा एकटे तिथेच राहिले.

त्यांच्या मुलाचा, सुरेशचा, लोणंदहून फोन आला, की खोल्या पाडणार आहेत, बाबांना मी इकडे आणतोय, तू एकदा भेटून घे. मी रविवारी गेलो. ओट्यावर मामा बसले होते. पाठीमागे दारावर नोटीस चिकटवलेली. खालचा मजकूर मराठीत, वर मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ.

"ये," मामा म्हणाले. "मोकळ्या हातानं आलास?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"ते न्हाई रं. शब्द आणलास का?"

मला हसू आलं. एवढ्या वर्षांनी हा प्रश्न कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. मामांनी काठीचं टोक नोटिशीतल्या इंग्रजी ओळीवर एका शब्दाला टेकवलं.

"माझ्याकडं हाय एक. ह्यो. पोरगा म्हनला, खोली खाली करा असा अर्थ हाय. त्यो कळला मला. पर आपल्या पुस्तकात काय लिवलंय ते बघून ये. कुणाकडं येतोय ह्यो?"

शब्द होता 'व्हेकेट'.

"व्ही. शेवटच्या भागात. बाबूचाचांच्या शकीलाकडं."

"मग जा की. नि येताना तिचा भाग बी मागून आण. पाची भाग एका जागी बघायचंत मला. हितनं हलायच्या आदी." मामांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "जलमभर लोकांनी नावं ठेवली, दत्तूनं बिनकामाचं आणलं म्हनून. पुरतं बघू तरी, काय आणलं हुतं ते."

* * *

आमच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं. ओळीतली पाच पोरं एकाच वर्षी पाचवीत गेली आणि पाच घरांनी मिळून एक डिक्शनरी आणायची ठरवली. मामा एका लग्नाला पुण्याला निघाले होते, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. परत आले ते खांद्यावर पोतं घेऊनच. पोत्यात मामींनी मागितलेलं पितळी पातेलं होतं आणि पातेल्यात बसवलेली डिक्शनरी. एवढी जाड वस्तू आम्ही शाळेतसुद्धा पाहिली नव्हती. सगळ्यांनी हात लावून पाहिला. पुजारीकाकांनी पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मधलं उघडलं.

"दत्तू, यात मराठी कुठाय?"

"असंल की मागं."

मागेही नव्हतं. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच दिलेला. मामांनी दुकानदाराला सांगितलं होतं, इंग्रजीची सगळ्यात मोठी द्या. त्यानं ती दिली. त्याची काही चूक नव्हती.

"पानी मागितलं तर ह्यानं घागर आणली, ती बी पालथी," बाबूचाचा म्हणाले आणि सगळी ओळ हसली. त्या दिवसापासून कॉलनीत एक म्हणच पडली. ज्या गोष्टीचा उलगडा तिच्यापेक्षा अवघड, ती 'दत्तूमामाची डिक्शनरी'. विजेचं बिल, डॉक्टरांचं बोलणं, युनियनची पत्रकं, पंचांगातला फलादेश, सगळ्यांना हेच नाव. दुसऱ्या ओळीतली माणसंही म्हणू लागली. ज्यांनी ते पुस्तक कधी पाहिलं नाही, तीसुद्धा.

शकीलाचे वडील, बाबूचाचा, बांधणीचं काम करायचे. शाळेची पुस्तकं, दुकानांच्या वह्या, कुराण, पोथ्या, सगळं त्यांच्या खोलीत यायचं. खोलीत मैद्याच्या खळीचा आंबूस वास असे. किड्यांनी खाऊ नये म्हणून खळीत मोरचूद घातलेलं, त्यामुळे पातेल्याचा काठ निळा. "बोट चाटू नका रे, विष हाय त्यात," हे त्यांचं दिवसातलं ठरलेलं वाक्य. पाच घरांची पोरं एकच पुस्तक ओढणार, महिन्यात त्याचा कणा मोडणार, असं त्यांनी सांगितलं. त्यापेक्षा पाच भाग करू, घराला एक.

पण पाच भाग कसे करायचे? अक्षरं मोजून करावेत तर 'एस' एकटंच फुगलेलं आणि 'एक्स'च्या वाट्याला अर्धं पानही नाही. वाद वाढला. शेवटी मिलच्या चिंध्या ज्या रीतीनं वाटल्या जात, तीच रीत सगळ्यांना पटली. सोसायटीच्या दुकानातून तराजू आणला. कणा उसवला. बाबूचाचांनी पानांच्या पाच चवडी केल्या आणि चारचार पानं इकडची तिकडे सरकवत काटा मध्ये आणला. कुणाला पानभरसुद्धा जास्त नाही, कमी नाही. अक्षरं कुठे तुटली याकडे कुणी पाहिलंच नाही. आमचा भाग 'पी'मध्ये तुटला. शेवटच्या पानावरचा शेवटचा शब्द होता 'पेशन्स'. त्याचा अर्थ पुढच्या पानावर आणि पुढचं पान कांबळ्यांकडे.

मिलमधून आलेल्या कापडाच्या तुकड्यांत भाग बांधले गेले. मामांकडे पिवळ्या पट्ट्यांचा, पुजाऱ्यांकडे खाकी, आमच्याकडे निळ्या चौकड्या, कांबळ्यांकडे पांढरा मांजरपाट, बाबूचाचांकडे हिरव्या रेघांचा.

आणि मग चालणं सुरू झालं.

शाळेत 'मेंड' हा शब्द आला. 'एम' आमच्या घरी. पाहिलं तर अर्थ लिहिलेला 'रिपेअर'. 'आर'साठी कांबळ्यांकडे. तिथे 'फिक्स'. 'एफ'साठी पुजाऱ्यांकडे. पुजाऱ्यांची आजी कन्नडमध्ये काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता हातावर शेंगदाण्याची चटणी ठेवायची. 'फिक्स'चा अर्थ 'अटॅच'. मामांकडे. 'अटॅच'चा अर्थ 'जॉइन' आणि तो परत आमच्याच घरी. 'जॉइन'चा 'युनाइट', म्हणजे शकीलाकडे. तोवर दिवेलागण झालेली असे, दुसऱ्या पाळीची माणसं डब्यांचा आवाज करत गेलेली असत आणि शब्द अजून इंग्रजीतच असे. शेवटचा निवाडा नळावर. कांबळेकाकू वाइंडिंग खात्यात होत्या. हंडा भरता भरता त्यांनी विचारलं, "वस्तू मोडल्यावर करायचं का तुटल्यावर?" आम्ही म्हटलं, दोन्ही. "मग सांधणं म्हणा नि जावा अभ्यासाला."

विरजण मागायला जावं तसं आम्ही शब्द मागायला जात होतो. फक्त एक नियम होता. तो कुणी केला आठवत नाही. शब्द मागायला जायचं तर आपल्या भागातला एक शब्द द्यायचा. मोकळ्या हातानं आलेल्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. शकीला या बाबतीत सर्वांत कडक. दारात आडवी उभी राहून विचारायची, "आणलायस का?" मी एकदा 'आयर्न' दिला तर म्हणाली, "हा कालच दिलास. शिळा आहे. दुसरा दे."

मामांना इंग्रजी येत नव्हतं. मराठीही ते बोट ठेवून वाचत. पण पाळी नसेल तेव्हा ते ओट्यावर बसलेले असत. केसांत कापसाची पिंजण, अंगाला मिलमधल्या खळीचा वास. घराघरांतून फिरणाऱ्या पोराला ते अडवायचे. "काय घावलं?" आम्ही सांगायचो. मग त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला. "त्येच्या शेजारी कोण हाय?"

अर्थापेक्षा त्यांना शेजाऱ्यांची चौकशी जास्त. शब्दाच्या वर कोण, खाली कोण. एकदा मी आमचं पान घेऊन त्यांच्याजवळ बसलो. वर 'मिल्क', मग 'मिल', त्याच्या खाली 'मिलर', म्हणजे दळणारा, मग 'मिलेट', म्हणजे बाजरी. मामा किती वेळ ते पान बघत राहिले.

"आयला. पुस्तक लिवनारा आपल्या कॉलनीत येऊन गेला म्हन की. मिल मधी, वर दूध, खाली भाकरी."

ही गोष्ट त्यांनी पाळीवर सगळ्यांना सांगितली. ऐकणारे हसले आणि म्हणाले, "मामा, डिक्शनरी तुमचीच का?" मामाही हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला अडवून शेजारी विचारले नाहीत, एवढं मला आठवतं.

थंडीत आसपासच्या शिवारातून हळद शिजवल्याचा वास कॉलनीभर पसरायचा. त्या वासात मला अजून 'एन'चे शब्द येतात. 'नॅरो', 'नेस्ट', 'नेट', 'नेट्ल'. का ते सांगता येणार नाही. बहुधा तेव्हा वार्षिक परीक्षेचा अभ्यास चालू असेल. मिलचा भोंगा झाला की वही मिटायची. भोंग्याला घड्याळ जुळवणारी ती कॉलनी, भोंगा बंद झाल्यावर काही दिवस सगळ्यांनाच जेवायला उशीर होत होता.

* * *

पाचांपैकी चार भाग मिळवायला फार कष्ट पडले नाहीत. मामांचा त्यांच्याच ट्रंकेत होता. पुजाऱ्यांचा मिरजेत त्यांच्या नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली. टेबलाचा एक पाय आखूड होता. कांबळ्यांचा विजय सांगलीतच असतो. त्यानं आईचा भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरी बांधून दिला. "आई शेवटपर्यंत तुमचा पेशन्स सांभाळून होती," तो म्हणाला. मी तिथेच उभ्यानं पांढरा भाग उघडला आणि पहिल्या पानावरचा पहिला अर्थ वाचला. लहानपणी तो कितीदा तरी विचारला होता. तरी वाचला.

आटपाडीला एसटीनं गेलो. विटा मागे पडलं की हिरवा रंग तुकड्या-तुकड्यांनी कमी होतो आणि मग मध्येच डाळिंबाच्या बागा लागतात. शकीला लग्न होऊन इकडे आली. नवऱ्याचं शिलाईचं दुकान, वर खोली, खोलीत तिची शिकवणी. जिन्याच्या तोंडाशी ती उभी राहिली. केस पांढरे, चष्मा जाड. बाकी उभं राहण्याची तऱ्हा तीच.

"आणलायस का?"

"आणलाय. पण आधी पाणी दे."

"तहान माझ्याकडेच आहे," ती म्हणाली. "टीमध्ये, 'थर्स्ट'. इथं तर भरपूर."

चहा झाल्यावर मी मामांचं सगळं सांगितलं. नोटीस, लोणंद, पाच भाग. ती ऐकत राहिली. मग उठून तिनं भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आत हिरव्या रेघांचं कापड होतं. घडी घातलेलं, रिकामं.

"भाग कुठाय?"

"गावात आहे."

"गावात म्हणजे?"

"माझ्याकडे इतकी पोरं येतात. एक पुस्तक मध्ये ठेवलं तर ओढाओढी. म्हणून अब्बांच्या रापीनं मीच कापलं. वजन करून. नऊ घरांत दिलंय." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तोंड का पाडलंस?"

तोंड पडलंच होतं. पिशवीत चार भाग घेऊन मी आलो होतो. पाचवा मिळाला की साताऱ्यात एकाकडे सगळं पुन्हा एकत्र बांधायला देणार होतो, कापड कोणतं तेही ठरवलं होतं. एका म्हाताऱ्या माणसानं जाण्याआधी एकच गोष्ट मागितली होती आणि आता ती होण्यासारखी राहिली नव्हती.

"ते तुकडे गोळा करता येतील?"

"येतील की. पण परीक्षा तोंडावर आलीय. कुणाच्या घरून काढून आणू सांग." तिनं कपाटाचं दार लावलं. "मोबाइलवर सगळं मिळतं, मला माहीत आहे. पोरांनाही माहीत आहे. पण मोबाइल मागायला कुणी कुणाच्या घरी जात नाही."

'व्ही' वरच्या आळीतल्या एका घरात होता. शकीलानं वाट सांगितली, बरोबर आली नाही. "तूच जा. नियम आहे." घरातला कर्ता गलाईच्या कामाला, सोनं गाळायला, परमुलखात असतो. दारात दोन वेण्यांची मुलगी आली. मी कुणाकडून आलो ते सांगितलं.

"शब्द आणलाय का?"

"ऑर्चर्ड," मी म्हणालो. येताना खिडकीतून डोळ्यांसमोर हाच होता.

"म्हंजी?"

"फळांची बाग."

"डाळिंबाची चालंल?"

"चालेल."

"मग आमची हाय की!" तिनं मला आत घेतलं. भाग म्हणजे बोटाएवढ्या जाडीची वही झाली होती, डाळिंबाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात बांधलेली. मी नाकाजवळ नेली. पुठ्ठ्याच्या वासाखाली खळीचा तो जुना वास बारीकसा होता. मुलीनं बोट फिरवत शब्द काढला. 'टू मेक एम्प्टी'.

"एम्प्टी आमच्याकडं न्हाई," ती म्हणाली. "ईची पानं कुणाकडंच न्हाईत. बाई म्हनत्यात, ती माधवनगरला हायत."

खाकी भाग माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही. वरचा आणि खालचा शब्द कोणता ते तिला विचारलं आणि निघालो.

* * *

मामांना सांगताना मी हिशेब देतात तसं सांगितलं. चार आलेत. पाचवा नाही. त्याचे नऊ तुकडे झालेत, आटपाडीत नऊ घरांत आहेत, परीक्षेच्या दिवसांत काढून आणणं बरं दिसलं नाही. चारही भाग त्यांच्या पुढ्यात ओळीनं ठेवले. पिवळा, खाकी, निळा, पांढरा.

मामांनी पांढऱ्याच्या पुढची मोकळी जागा पाहिली.

"म्हंजी एका जागी न्हाई दिसायचं."

"नाही, मामा."

"कापलं कसं तिनं? मापानं का..."

"वजन करून."

"आन् पोरं जात्यात? ह्या घरातनं त्या घरात?"

"रोज. दारात शब्द मागतात. मलाही मागितला."

मामांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर टेंपोवाला भाड्याबद्दल सुरेशशी घासाघीस करत होता. मग मामांनी नोटिशीकडे मान वळवली.

"त्येच्या शेजारी कोण हाय?"

"वर 'व्हेकंट'. म्हणजे रिकामा. खाली 'व्हेकेशन'. सुट्टी."

"सुट्टी?"

"मोठी सुट्टी. उन्हाळ्याची."

"शेजार बरा घावलाय," मामा म्हणाले. "ही चार हितं ठिऊन काय करायचीत? कसर लागंल. तिच्या पोरांस्नी ईचं पान न्हाई म्हनतोस. दिऊन टाक."

"चारी?"

"चारी." त्यांनी निळ्या भागावर बोट ठेवलं. "ह्यो तुझा. तुझं तू बघ."

सामान फार नव्हतं. कॉट, ट्रंक, पितळी पातेलं. कॉलनीत उरलेली दोन-चार माणसं जमली. मागच्या ओळीतल्या सखूबाई, मामांच्याच वयाच्या, नोटिशीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "काय लिवलंय काय कळंना बया. दत्तूमामाची डिक्शनरीच हाय ही." मग मामा टेंपोत पुढे बसलेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

मामांनी काच खाली केली.

"व्हय गं सखू. माझीच. आटपाडीत नऊ घरांत लागती ती. पुढल्या सालापास्नं जास्ती."

टेंपो गेला. दुसऱ्या रविवारी मी आटपाडीला गेलो. पिशवीत चार भाग होते.